साखर इकडून तिकडे : समुद्री जिवाणूंच्या एन्झाइमांविषयी वाचकांचे प्रश्न

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या काही जिवाणूंकडे शर्करेचा एक घटक एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर बसवणारी एन्झाइमे असतात. त्यांतल्या 'सायलिल ट्रान्सफरेज' या गटाबद्दल आलेले प्रश्न या सदरात घेतले आहेत. काही प्रश्न शिक्षकांचे आहेत, काही प्रयोगशाळेत हात घालून बसलेल्या विद्यार्थ्यांचे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत. उत्तरे मात्र ज्याला जेवढी जागा लागली तेवढी दिली आहे.

प्रश्न : साखर तोडणारी एन्झाइमे शाळेत शिकवतात. साखर 'हलवणारी' एन्झाइमे त्यांच्यापेक्षा वेगळी कशी?

अमायलेज किंवा लॅक्टेज हे दोन शर्करांमधला बंध पाण्याच्या रेणूने तोडते. ट्रान्सफरेज बंध जोडते. जोडायला ऊर्जा लागते आणि ती सुट्या साखरेत नसते. म्हणून पेशी आधी साखरेला न्यूक्लिओटाइड (यूडीपी, सीएमपी असे डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे फॉस्फेटयुक्त रेणू) जोडून घेते. यूडीपी-ग्लुकोज, यूडीपी-गॅलॅक्टोज, सीएमपी-सायलिक आम्ल ही अशा भारलेल्या साखरांची उदाहरणे. ट्रान्सफरेज त्या साखरेला न्यूक्लिओटाइडपासून सोडवते आणि त्याच क्षणी दुसऱ्या रेणूवर बसवते. ज्याच्याकडून साखर येते तो दाता, ज्याच्यावर बसते तो स्वीकारक. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील. भारलेल्या साखरांचा शोध लावल्याबद्दल अर्जेंटिनाचे लुइस लेलुआर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सायलिक आम्ल ही नऊ कार्बनची, ऋणभार असलेली शर्करा आहे. प्राण्यांच्या पेशींवर शर्करांच्या ज्या साखळ्या असतात, त्यांच्या अगदी टोकाला ती बसलेली असते. बहुतेक वेळा तिच्या खाली गॅलॅक्टोज असते आणि जोड दोन प्रकारची असते : गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर झाली तर अल्फा-२,३, सहाव्यावर झाली तर अल्फा-२,६. एका कार्बनचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोणाच्या श्वासनलिकेत शिरणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

प्रश्न : हे काम सेंद्रिय रसायनशास्त्राच्या नेहमीच्या पद्धतींनी होत नाही का? एन्झाइमच कशाला हवे?

होते, पण फार कष्टाने. सायलिक आम्लात ज्या कार्बनवर जोड व्हायची तो आधीच गर्दीत सापडलेला असतो. त्याला कार्बॉक्सिल गट चिकटलेला आहे. शेजारच्या तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन नाही, त्यामुळे जोडीची दिशा ठरवायला मदत करणारा गटही नाही. परिणामी अल्फा आणि बीटा अशी सरमिसळ मिळते आणि बराचसा माल पाणी गमावून निरुपयोगी असंपृक्त संयुग होऊन बसतो. शिवाय नको तिथे जोड होऊ नये म्हणून बाकीचे हायड्रॉक्सिल गट झाकावे लागतात आणि शेवटी उघडावे लागतात. एन्झाइम हे सगळे पाण्यात, एका पायरीत, फक्त अल्फा रूपात करते.

प्रश्न : मग सस्तन प्राण्यांची एन्झाइमे का वापरत नाहीत? समुद्रातले जिवाणूच का?

सस्तन प्राण्यांची सायलिल ट्रान्सफरेज गॉल्जी पिंडाच्या पटलात रोवलेली असतात. त्यांना स्वतःवर शर्करा लागतात, डायसल्फाइड बंध नीट जुळावे लागतात. इ. कोलायमध्ये (प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जिवाणूत) ती बनवायला गेले की बहुतेक वेळा न विरघळणारा गोळा हाती येतो. त्यात ती निवडक आहेत : एकाला प्रथिनावरची नत्राने जोडलेली साखळी चालते, दुसऱ्याला ऑक्सिजनने जोडलेली.

१९९६ मध्ये जपान टोबॅको कंपनीतल्या ताकेशी यामामोतो आणि सहकाऱ्यांनी 'फोटोबॅक्टेरियम डॅमसेली' या समुद्री जिवाणूच्या जेटी-०१६० या वाणातून अल्फा-२,६ जोड करणारे एन्झाइम शुद्ध करून त्याचे गुणधर्म मांडले. १९९८ पर्यंत त्याचे जनुक इ. कोलायमध्ये घालून ते मोठ्या प्रमाणात बनवता येऊ लागले. पुढे त्याच गटाने शोध चालू ठेवला. जपानी बाराकुडा माशाच्या आतड्यातून 'जेटी-आयएसएच-२२४' हा वाण मिळाला, त्याच्याकडे २,३ आणि २,६ अशी दोन्ही एन्झाइमे निघाली. माकुळापासून 'फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम'चा 'जेटी-आयएसएच-४६७' हा वाण मिळाला, त्याचे एन्झाइम २,३ जोड करते. 'फोटोबॅक्टेरियम लिओग्नाथी'च्या 'जेटी-शिझ-१४५' या वाणाचे २,६ एन्झाइम सामू ८ ला उत्तम चालते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही सगळी आणि 'पाश्चुरेला मल्टोसिडा' या समुद्राबाहेरच्या जिवाणूचे प्रसिद्ध एन्झाइम, शर्करा-एन्झाइमांच्या वर्गीकरणात 'जीटी-८०' या एकाच कुळात मोडतात. माणसाची 'जीटी-२९' या दुसऱ्याच कुळातली. जीटी-८० एन्झाइमे पाण्यात विरघळतात, इ. कोलायमध्ये भरघोस बनतात आणि स्वीकारकाबाबत फारशी कुरकुर करत नाहीत. गॅलॅक्टोज टोकाला असले की झाले. खाली लॅक्टोज आहे की प्रथिन, याने त्यांचे अडत नाही. दात्याच्या बाबतीतही तेच. सायलिक आम्लाची ग्लायकोलिल आवृत्ती, केडीएन नावाची तिची चुलत शर्करा, पाचव्या किंवा नवव्या कार्बनवर अ‍ॅझाइड बसवलेले रूप, सगळे चालते. आमच्या मते त्यांचे खरे मोल या मोकळेपणात आहे. प्रयोगात पुढे ज्या अडचणी येतात त्यांचे मूळही तिथेच आहे.

प्रश्न : जिवाणूला स्वतःला याचा काय उपयोग?

पाश्चुरेला, नायसेरिया यांसारखे रोगकारक जिवाणू आपल्या आवरणावर सायलिक आम्ल चढवतात, म्हणजे यजमानाच्या संरक्षण यंत्रणेला ते घरचेच वाटतात. मासे आणि माकूळ यांच्या अंगावर वा आतड्यात राहणाऱ्या फोटोबॅक्टेरियमलाही आपल्या पृष्ठभागाच्या शर्करांसाठी ते लागत असावे, हा तर्क सयुक्तिक आहे.

प्रश्न : आम्ही डॅमसेलीच्या एन्झाइमचे जनुक इ. कोलायमध्ये घातले. जेलवर जाड पट्टा दिसतो, पण सगळे प्रथिन गाळात जाते. काय चुकते?

दोन गोष्टी तपासा. पहिली, तुम्ही पूर्ण लांबीचे जनुक घातले आहे का? मूळ प्रथिन ६७५ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याच्या सुरुवातीला ते जिवाणूच्या पटलाकडे धाडणारा संकेत-तुकडा आहे. इ. कोलायमध्ये तो ठेवला तर प्रथिन पटलात अडकते. पहिली १५ अमिनो आम्ले वगळून बनवलेले रूप सर्रास वापरले जाते. ते विरघळते आणि त्याची क्रियाशीलताही शाबूत राहते.

दुसरी, तापमान. समुद्री जिवाणू २० ते २५ अंश सेल्सिअसला वाढतात. त्यांच्या प्रथिनाला ३७ अंशांवर घाईने घडी घालायला लावले तर गोळा होणारच. इ. कोलायच्या बीएल-२१ (डीई-३) वाणाच्या पेशी एलबी या नेहमीच्या वाढ-माध्यमात ३७ अंशांवर ६०० नॅनोमीटरची घनता ०.८ येईपर्यंत वाढवा. मग फ्लास्क २० ते २५ अंशांवर आणा, माध्यम खरोखर थंड होईपर्यंत १५ ते २० मिनिटे थांबा आणि मगच आयपीटीजी (घातलेले जनुक चालू करणारे रसायन) घाला, ०.१ मिलिमोलर पुरे. पुष्कळजण सवयीने १ मिलिमोलर घालतात. त्याने एन्झाइम वाढत नाही, गाळ वाढतो. १८ ते २० तास हलवत ठेवून पेशी गोळा करा.

पेशी फोडण्यासाठी ५० मिलिमोलर ट्रिस (सामू ८), ३०० मिलिमोलर मीठ आणि १० मिलिमोलर इमिडॅझोल असे बफर घ्या. ध्वनिलहरींनी फोडताना नळी बर्फात हवी आणि १० सेकंद चालू, २० सेकंद बंद असा ताल ठेवा. सलग चालवले की आतले द्रावण तापते आणि तुम्ही रात्रभर जपलेले प्रथिन दोन मिनिटांत खराब होते. निकेलच्या स्तंभावर (प्रथिनाला हिस्टिडीनची शेपटी जोडली आहे असे धरून) ३० ते ५० मिलिमोलर इमिडॅझोलने धुवा, २०० ते २५० ने उतरवा. नंतर २० मिलिमोलर ट्रिस (सामू ७.५) आणि १० टक्के ग्लिसरॉल यांत डायलिसिस करा. या बफरमध्ये ईडीटीए घालू नका. तो एन्झाइमबरोबर पुढच्या अभिक्रियेत जातो आणि तिथे लागणारे मॅग्नेशियम पकडून बसतो.

एन्झाइम ५० ते १०० मायक्रोलिटरच्या छोट्या वाटण्या करून ठेवा. एकच मोठी नळी दर वेळी वितळवून पुन्हा गोठवणे हे क्रियाशीलता गमावण्याचे सर्वांत सोपे निमित्त आहे.

प्रश्न : लॅक्टोजपासून ६'-सायलिललॅक्टोज (लॅक्टोजच्या गॅलॅक्टोजवर २,६ जोडीने सायलिक आम्ल बसलेले) बनवण्याची, पहिल्यांदा करणाऱ्याला जमेल अशी कृती द्याल का? प्रमाणे कृपया नेमकी द्या.

देतो. १० मिलिलिटरची, ०.१ मिलिमोल लॅक्टोजची कृती घेऊ. सीएमपी-सायलिक आम्ल विकत घेणे महाग पडते आणि ते टिकतही नाही, म्हणून ते त्याच नळीत बनवायचे. त्यासाठी दुसरे एन्झाइम लागते : सीएमपी-सायलिक आम्ल सिंथेटेज, बहुधा नायसेरिया मेनिंजायटिडिसचे. ते सीटीपी (तीन फॉस्फेट असलेले न्यूक्लिओटाइड) आणि सायलिक आम्ल यांपासून दाता घडवते, आपले ट्रान्सफरेज तो लगेच वापरते.

५० मिलिलिटरच्या नळीत १ मोलर ट्रिस (सामू ८.५) १ मिलिलिटर आणि १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड ०.२ मिलिलिटर घ्या. पाणी घालून सुमारे ८ मिलिलिटर करा. त्यात लॅक्टोज मोनोहायड्रेट ३६ मिलिग्रॅम, एन-अ‍ॅसिटिल न्यूरामिनिक आम्ल (नेहमीचे सायलिक आम्ल) ४६ मिलिग्रॅम आणि सीटीपीचा डायसोडियम क्षार ७९ मिलिग्रॅम विरघळवा. म्हणजे लॅक्टोज १० मिलिमोलर आणि बाकी दोन्ही १५ मिलिमोलर होतात. सीटीपीच्या बाटलीवर पाण्याचे रेणू किती लिहिले आहेत ते पाहून वजन दुरुस्त करा.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी. सायलिक आम्ल हे खरेच आम्ल आहे आणि सीटीपीचा क्षारही आम्लधर्मी असतो. दोन्ही विरघळले की बफरने धरलेला सामू खाली घसरतो. एन्झाइम घालण्याआधी सामू मोजा आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालून पुन्हा ८.५ वर आणा. थेंब टाकताना नळी हलती ठेवा. मग दोन्ही एन्झाइमे घालून आकारमान १० मिलिलिटर करा.

एन्झाइम किती? एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. तुमच्याकडे १०० मायक्रोमोल लॅक्टोज आहे, तेव्हा कागदावर १ युनिट ट्रान्सफरेज १०० मिनिटांत काम संपवेल. प्रत्यक्षात वेग उतरत जातो, म्हणून २ युनिट घ्या. सिंथेटेज ३ युनिट घ्या, कारण दाता कमी पडता कामा नये. ट्रान्सफरेज १० युनिट घालून 'लवकर होईल' असा हिशेब करू नका. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

३७ अंशांवर, मिनिटाला १०० फेऱ्यांच्या हलक्या हालचालीवर ठेवा. काही वेळाने द्रावण दुधाळ होते. घाबरू नका, तो मॅग्नेशियम पायरोफॉस्फेटचा साका आहे, सिंथेटेज काम करत असल्याची खूणच म्हणा. साका फार झाला तर मॅग्नेशियम कमी पडते. मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर अकार्बनी पायरोफॉस्फेटेजचे थोडे एन्झाइम घालणे बरे. दाता बनताना आम्लही सुटते, त्यामुळे सामू दर अर्ध्या तासाने कागदावर तपासा आणि ८ च्या खाली गेला तर वर आणा. सामू घसरला की सिंथेटेज मंदावते आणि बनलेला दाता आपोआप तुटू लागतो, दोन्हीकडून तोटा.

३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना २ मायक्रोलिटर काढून पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर पाहा. लॅक्टोजचा ठिपका जवळजवळ गेला की थांबा. थांबवायला १० मिलिलिटर बर्फासारखे थंड इथेनॉल घाला, ४ अंशांवर अर्धा तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचे द्रावण ४० अंशांच्या आत निर्वातात आटवा.

शुद्धीकरणाला बायोजेल पी-२ चा स्तंभ चांगला. पण नुसत्या पाण्यावर चालवला तर तुमचे उत्पादन आणि दात्यातून सुटून उरलेले सीएमपी, दोन्ही ऋणभारित असल्याने जवळजवळ एकत्र उतरतात. म्हणून स्तंभावर चढवण्याआधी अल्कलाइन फॉस्फेटेजने सीएमपीचे सायटिडीन करून घ्या. सायटिडीनवर भार नसतो, ते मागे राहते. पाण्याऐवजी ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट वापरले तर पट्टे आणखी नीट सुटतात आणि ते गोठवून सुकवताना उडून जाते. संपूर्ण लॅक्टोज रूपांतरित झाले तर उत्पादन ६३ मिलिग्रॅम भरते, सोडियम क्षार म्हणून ६६. शुद्ध होऊन ४५ ते ५५ हाती आले तर काम उत्तम झाले असे समजा.

एक इशारा : आटवताना किंवा साठवताना आम्ल लागू देऊ नका. सायलिक आम्लाची जोड ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ८० अंशांवर तासाभरात तुटते. विश्लेषणात सायलिक आम्ल मुद्दाम सोडवण्याची हीच पद्धत आहे.

प्रश्न : आमची अभिक्रिया दीड तासाला छान दिसली. खात्रीसाठी रात्रभर ठेवली तर सकाळी उत्पादन कमी आणि लॅक्टोज परत आलेले! असे कसे?

खात्री करण्याच्या नादात हातचे गेले, आणि हे फार जणांचे होते. डॅमसेलीचे एन्झाइम जोड करते तशी ती सोडवतेही. २०१० मध्ये त्याची सायलिडेज (सायलिक आम्ल तोडून काढणे) आणि ट्रान्स-सायलिडेज (ते एका शर्करेवरून दुसरीवर हलवणे) ही कामे नोंदवली गेली. पाश्चुरेलाच्या एन्झाइमबाबत ही गोष्ट २००५ पासूनच माहीत होती. त्याची २,३ जोड आम्लारीधर्मी सामूला उत्तम होते, तर सायलिडेजचे काम ५ ते ५.५ सामूला जोरात चालते.

जीटी-८० कुळात हे तोडणे घडते कसे, हे कळले की उपाय आपोआप सुचतो. एन्झाइम थेट पाण्याने बंध तोडत नाही. अभिक्रियेत साठलेले सीएमपी ते हाती घेते आणि आपलीच अभिक्रिया उलटी चालवते : सायलिललॅक्टोज आणि सीएमपी यांपासून पुन्हा दाता आणि लॅक्टोज. मग तो दाता पाण्याने विघटित होतो आणि परतीची वाट बंद होते. म्हणजे जितके सीएमपी जास्त, जितके ट्रान्सफरेज जास्त, जितका वेळ जास्त, तितकी गळती जास्त. १० युनिट घालू नका म्हटले ते यासाठी.

उपाय तीन. वेळेवर थांबवणे हा पहिला आणि फुकटचा. दुसरा, सीएमपी काढून टाकणे. अल्कलाइन फॉस्फेटेज ते काम करते, पण ते सुरुवातीला घातले तर सीटीपीही फस्त करते आणि दाता बनतच नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करा : आधी सिंथेटेजने सीटीपी संपवून दाता बनवा, मग फॉस्फेटेज आणि ट्रान्सफरेज बरोबर घाला. सीएमपी-सायलिक आम्लात फॉस्फेटचे टोक मोकळे नसल्याने फॉस्फेटेज त्याला हात लावत नाही. तिसरा उपाय बदललेल्या एन्झाइमचा. पाश्चुरेलाच्या एन्झाइममध्ये २७१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन आणि ३१३ व्या जागी आर्जिनीनऐवजी टायरोसिन घातले की सायलिडेजचे काम खूप घटते.

तुमच्या नळीत लॅक्टोज परत न येता उत्पादनाखाली, प्रारंभरेषेकडे, आणखी एक ठिपका दिसत असेल तर दुखणे वेगळे आहे. तिथे एकाच लॅक्टोजवर दोन सायलिक आम्ले बसली आहेत. दाता लॅक्टोजच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका.

प्रश्न : एका ठिकाणी या एन्झाइमला सामू ५ हवा असे वाचले, तुम्ही ८.५ सांगता. बरोबर काय? आणि त्याला मीठ लागते का?

दोन्ही बरोबर. १९९६ च्या मोजणीत सामू ५ आणि ३० अंशांना त्याचा वेग सर्वाधिक आला होता. पण तिथे तयार दाता बाहेरून घातला होता आणि वेळ थोडा होता. एकाच नळीत दाता बनवायचा तर सिंथेटेजला ८.५ लागतो, शिवाय आम्लधर्मी द्रावणात दाता टिकत नाही. म्हणून ट्रान्सफरेजचा वेग थोडा सोडून द्यायचा. ८ च्या आसपासच काम करायचे असेल तर लिओग्नाथीचे एन्झाइम मुळातूनच सोयीचे.

क्रियाशीलता मोजताना समुद्री एन्झाइमांना अर्धा मोलरपर्यंत मीठ घालण्याचा रिवाज आहे. बनवण्याच्या अभिक्रियेत मात्र ते टाळा, पुढे शुद्धीकरणात डोकेदुखी होते. जीटी-८० एन्झाइमला स्वतःला धातूचा आयन लागत नाही; मॅग्नेशियम घालतो ते सिंथेटेजसाठी.

प्रश्न : उत्पादन २,६ च आहे, २,३ नाही, हे कसे ओळखायचे? प्लेटवर दोन्ही सारखेच दिसतात.

पातळ थरावर (ब्यूटेनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी २:१:१; रंगासाठी अ‍ॅनिसाल्डिहाइड) फक्त एवढे कळते की लॅक्टोजपेक्षा खाली, सायलिक आम्ल असलेले काहीतरी बनले. जोड ओळखायला प्रोटॉन एनएमआर सर्वांत विश्वासू. सायलिक आम्लाच्या तिसऱ्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन बाकीच्या गर्दीपासून दूर दिसतात : २,३ जोडीत साधारण २.७६ आणि १.८० ला, २,६ जोडीत २.७१ आणि १.७४ ला. एनएमआर नसेल तर फक्त २,३ तोडणारे स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनियाचे सायलिडेज वापरून पाहा. उत्पादन तसेच राहिले तर ते २,६. प्रथिनावरची जोड तपासायची असेल तर लेक्टिने (विशिष्ट शर्करेला चिकटणारी प्रथिने) आहेत, सॅम्ब्युकस नायग्राचे २,६ ला चिकटते आणि माकिया अम्युरेन्सिसचे २,३ ला.

प्रश्न : बाळांच्या दुधात सायलिललॅक्टोज घालतात असे ऐकले. ते असेच नळीत बनवतात का? ते सुरक्षित असते का?

आईच्या दुधात लॅक्टोजखेरीज लिटरला सुमारे ५ ते १५ ग्रॅम जटिल ऑलिगोसॅकराइडे असतात, त्यांत ३' आणि ६'-सायलिललॅक्टोजही येतात. गाईच्या दुधात ती फार कमी. कारखान्यात सीटीपी विकत घेऊन हे करणे परवडणार नाही. तिथे इ. कोलायलाच कारखाना बनवतात. पेशीत सायलिक आम्ल खाऊन टाकणारी जनुके काढतात, लॅक्टोज तोडणारे जनुक काढतात पण लॅक्टोज आत आणणारे ठेवतात, सायलिक आम्ल आणि दाता बनवणारी तीन जनुके (उदा. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीची) घालतात आणि वर एक सायलिल ट्रान्सफरेज. सीटीपी पेशी स्वतःच पुन्हा पुन्हा बनवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात नायसेरियाचे २,३ एन्झाइम घालून लिटरला सुमारे २५ ग्रॅम ३'-सायलिललॅक्टोज मिळाले होते.

६' रूपासाठी बाराकुडातल्या जेटी-आयएसएच-२२४ वाणाचे एन्झाइम वापरले तेव्हा त्याचा मोकळेपणा पुन्हा आडवा आला. इ. कोलायच्या आवरणासाठी केडीओ नावाची शर्करा लागते आणि तिचा सीएमपी-दाता पेशीत असतोच. सायलिक आम्लाचा दाता कमी पडला की एन्झाइम केडीओच लॅक्टोजवर बसवू लागले. शिवाय दोन सायलिक आम्लांचे उत्पादनही आले. जनुकाची अभिव्यक्ती किती जोरात ठेवायची आणि लॅक्टोज किती द्यायचे हे जुळवून कोणता माल मिळणार ते ठरवता आले.

सुरक्षिततेबाबत : युरोपीय संघाने ३' आणि ६'-सायलिललॅक्टोजच्या सोडियम क्षारांना २०२१ मध्ये नवीन अन्नघटक म्हणून मान्यता दिली, ठरवून दिलेल्या मर्यादेत. शुद्ध केलेला रेणू आईच्या दुधातल्या रेणूसारखाच असतो. तपासायचे असते ते जिवाणूचे अवशेष, अंतर्विष (जिवाणूच्या आवरणातला विषारी घटक) आणि केडीओ-लॅक्टोजसारखे सोबती उरले नाहीत ना, एवढे. पालकांनी मात्र बाळाच्या आहाराचा निर्णय बालरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

प्रश्न : औषधांत यांचा काय उपयोग?

औषध म्हणून देण्याच्या प्रथिनांवरच्या साखळ्यांत सायलिक आम्ल नसेल आणि गॅलॅक्टोज उघडे पडले असेल तर यकृतातला एक ग्राही ते पकडून प्रथिन रक्तातून लवकर काढून टाकतो. टोकाला सायलिक आम्ल बसवले की ते जास्त काळ टिकते. आयजीजी प्रतिपिंडांत २९७ व्या अ‍ॅस्पॅराजिनवर असलेल्या साखळीला २,६ सायलिक आम्ल बसवून दाहशामक गुण वाढतो का, यावर बराच अभ्यास झाला आहे. इथे नेहमीची चूक अशी : थेट सायलिल ट्रान्सफरेज घालतात आणि काहीच होत नाही, कारण साखळीवर गॅलॅक्टोजच नसते. आधी बीटा-१,४ गॅलॅक्टोसिल ट्रान्सफरेज, यूडीपी-गॅलॅक्टोज आणि मँगनीज क्लोराइड (साधारण १० मिलिमोलर) देऊन गॅलॅक्टोज पूर्ण करा, वस्तुमान वर्णपटावर खात्री करा, मगच पुढे जा. आणि प्रतिपिंडाची ती साखळी दोन भागांच्या मध्ये दडलेली असल्याने लॅक्टोजपेक्षा वेळ व एन्झाइम दोन्ही जास्त लागतात.

इन्फ्लुएन्झाचे मानवी विषाणू मुख्यतः २,६ ला, पक्ष्यांचे २,३ ला चिकटतात. नव्या वाणाची पसंती तपासायला काचपट्टीवर शेकडो शर्करा ठिपक्यांनी बसवतात. त्या एवढ्या विविध शर्करा बनवता येण्यात या मोकळ्या हाताच्या एन्झाइमांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : माशावरचे प्रकाश देणारे फोटोबॅक्टेरियम आम्ही महाविद्यालयात वाढवू शकतो का? त्यातून एन्झाइम मिळेल का?

वाढवणे सोपे आहे. ताज्या माकुळाचा तुकडा ३ टक्के मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडेल असा ठेवून १५ अंशांच्या आसपास रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी गडद अंधारात पाच-दहा मिनिटे डोळे सरावू द्या आणि चमकणाऱ्या जागेवरून मरीन अगार २२१६ वर रेघा ओढा. त्यात लिटरला १९.४५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट अर्क असतो. तयार पावडर मिळते. साध्या अगारवर मिठाशिवाय ते वाढणार नाहीत. २० ते २२ अंशांवर ठेवा. ३० अंशांवर ठेवलेल्या प्लेटवर वाढ दिसूनही प्रकाश दिसला नाही तर आश्चर्य वाटू देऊ नका.

पण चमकणाऱ्या प्रत्येक वाणात सायलिल ट्रान्सफरेज असेलच असे नाही आणि प्रकाशाचा त्याच्याशी संबंधही नाही. डॅमसेलीचा मूळ वाण तर वर्गात आणूच नका. त्याची एक उपजात माणसाच्या जखमेत शिरून गंभीर संसर्ग करू शकते. मासे-माकूळ हाताळताना हातमोजे घाला, हाताला कापलेले असेल तर दुसऱ्याला करू द्या आणि प्लेटा टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा. एन्झाइमच हवे असेल तर कृत्रिमरीत्या बनवून घेतलेले जनुक आणि निरुपद्रवी इ. कोलाय हाच रस्ता धरा.

प्रश्न : विकत घेतलेले सीएमपी-सायलिक आम्ल महिन्याभरात निकामी झाले. फ्रीजमध्येच होते.

फ्रीज पुरेसा नाही. कोरडी पावडर उणे २० किंवा त्याहून खाली, ओलावा शोषणाऱ्या खड्यांसह ठेवा. बाटली थंड असताना उघडू नका, खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा. नाहीतर हवेतले पाणी आत गोठते. द्रावण लागेल तेवढेच, सामू ८ ते ९ च्या बफरमध्ये, त्याच दिवशी बनवा. नुसत्या पाण्यात केलेले द्रावण आम्लधर्मी झाले की दाता बर्फातही तुटत राहतो. शंका असेल तर वापरण्याआधी पातळ थरावर एक ठिपका चालवा. सुट्या सायलिक आम्लाचा ठिपका ठळक असेल तर तेवढे प्रमाण हिशेबातून वजा करा.